काळ्या यादीचे पहारेकरी

४ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीचे निकाल लागले. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत सर्वत्र जागांची बेरीज-वजाबाकी चालू असताना संगणकांच्या जगातील एक जुनी संस्था फारसा गाजावाजा न होता बंद झाली. ‘सॉर्ब्स’ हे तिचे नाव. नको असलेली, फसवी अथवा घाऊक जाहिरातींची पत्रे, ज्यांना आता मराठीतही स्पॅम असेच म्हणतात, ती कोणकोणत्या संगणकांवरून निघतात याची यादी ही संस्था अनेक वर्षे ठेवीत आली होती. चिखलीच्या शाळेतील शिक्षकाला किंवा मेहकरच्या कचेरीतील लिपिकाला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. तथापि, त्यांच्या कार्यालयाच्या टपालपेटीत रोज सकाळी शेकडो भामटी पत्रांचा ढीग का साचत नाही, या प्रश्नाचे उत्तर गेली पंचवीस वर्षे पुष्कळ अंशी अशाच याद्यांनी दिले आहे. आणि या याद्यांपैकी बहुतेकींचा आरंभ पगारी नोकरांनी नव्हे, तर फावल्या वेळात काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी केला, ही बाब अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही.

स्पॅमचे अर्थशास्त्र मुळातच विपरीत आहे. साध्या टपालाने हजार जाहिराती पाठवावयाच्या तर हजार तिकिटे लागतात. त्यामुळे पाठविणारा दोनदा विचार करतो. ई-मेलमध्ये हजारावे पत्र पाठविण्याचा वाढीव खर्च जवळजवळ शून्य असतो आणि उरलेला खर्च, म्हणजे साठवणूक, चाळणी, वाचणाऱ्याचा वेळ आणि फसणाऱ्याचा पैसा, दुसऱ्याच्या माथी जातो. १९७८ साली अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने त्या वेळच्या ‘अर्पानेट’ या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात धाडली, तेव्हा त्याला समज मिळाली आणि प्रकरण मिटले. १९९४ मध्ये दोन वकिलांनी अमेरिकेच्या ‘ग्रीन कार्ड’ची जाहिरात हजारो चर्चागटांवर एकदम ओतली, तेव्हा मात्र कोणाची समज पुरली नाही. बंधाऱ्याला पडलेले ते पहिले मोठे भगदाड म्हणावयास हरकत नाही.

त्यावर १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेला तोडगा आजही टिकून आहे आणि तो विलक्षण साधा आहे. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता असतो. नावावरून हा पत्ता शोधून देणारी एक निर्देशिका जगभर चालू आहे. तिला डीएनएस म्हणतात. व्हिक्सीने काळी यादी याच निर्देशिकेच्या रूपात मांडली. समजा, १९२.०.२.१० या पत्त्यावरून कोणी पत्र घेऊन दारात आले. दारावरचा संगणक हे आकडे उलट्या क्रमाने लिहितो, त्यांच्यापुढे यादीचे नाव जोडतो आणि ‘या नावाचा पत्ता काय?’ असे निर्देशिकेला विचारतो. ‘असे नावच नाही’ असे उत्तर आले तर पाहुणा निर्दोष. १२७.०.०.२ यासारखे ठरलेले उत्तर आले तर तो यादीत आहे आणि त्याला दारातूनच परत पाठविता येते. प्रश्न इवलासा, उत्तर इवलेसे, आणि तेही काही काळ जवळ साठवून ठेवता येते. एवढ्या स्वस्त यंत्रणेवर जगाच्या टपालाची राखण करता येते, हे त्या काळी अनेकांना खरे वाटले नसावे.

मात्र स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. यादी ही सार्वजनिक वस्तू आहे असे आपण सहज म्हणून जातो. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये या संज्ञेचे जे शास्त्रीय विवेचन केले, त्यानुसार अशी वस्तू एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही. अमुक पत्ता भामट्याचा आहे, ही माहिती या अर्थाने खरोखरच सार्वजनिक आहे. परंतु ती विचारण्याची वाट तशी नाही. गावात विहीर कोठे आहे हे ज्ञान वाटल्याने संपत नसते. पोहरा आणि दोर मात्र झिजतो. शिवाय येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. येणाऱ्या प्रत्येक पत्रागणिक यादीला एक विचारणा होते आणि येणाऱ्या पत्रांत फार मोठा वाटा स्पॅमचाच असतो. म्हणजे स्वयंसेवकाच्या संगणकावरील भार चांगल्या वापरकर्त्यांच्या संख्येने ठरत नाही. तो भामट्यांच्या उद्योगशीलतेने ठरतो. शत्रूने जोर केला की खर्च वाढतो, उत्पन्न मात्र होते तेथेच, म्हणजे शून्यावर राहते.

अशा स्थितीत काय होते याचा इतिहास बोलका आहे. व्हिक्सी यांची मूळ यादी २००१ मध्ये वर्गणीची झाली आणि पुढे एका मोठ्या कंपनीच्या मालकीत गेली. ऑस्ट्रेलियात मिशेल सुलिव्हन यांनी सुरू केलेल्या सॉर्ब्सला क्वीन्सलंड विद्यापीठाने कित्येक वर्षे आसरा दिला. २००९ मध्ये तो आसरा सुटला, तेव्हा यादी विक्रीस निघाली. एका कंपनीकडून ती २०११ मध्ये दुसरीकडे गेली आणि अखेर २०२४ मध्ये त्या मालकाने ती मिटविली. लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेली ‘स्पॅमहाऊस’ ही संस्था मात्र तगली. तिने आपल्या याद्यांच्या प्रती ठिकठिकाणी, इतरांनी देऊ केलेल्या संगणकांवर ठेवल्या. लहान व अव्यापारी वापर फुकट ठेवून मोठ्या वापराला मोल लावले. फुकट वापराची सीमा एके काळी दिवसाला तीन लाख विचारणांच्या आत अशी होती. विहिरीच्या पाण्याला दाम नाही, परंतु टँकर भरणाऱ्याने दोराचा खर्च द्यावा, असा हा साधा न्याय आहे. त्यावर नाके मुरडणारेही होतेच. ‘सेवा म्हणता आणि पैसे मागता?’ हा प्रश्न विचारणारी मंडळी सर्व देशांत सारखीच असतात.

एकाकी पहारेकऱ्याचा संताप

सन २००३ चा ऑगस्ट महिना या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘ओसिरुसॉफ्ट’ नावाची यादी मुख्यत्वे एका व्यक्तीच्या खांद्यावर उभी होती. तिच्यावर कृत्रिम विचारणांचा लोंढा सोडण्यात आला. हा लोंढा सोसवेना, तेव्हा चालकाने यादी बंद करावयाचे ठरविले. पण नुसते बंद करून भागत नाही. जगभरच्या हजारो संगणकांत त्या यादीचे नाव लिहून ठेवलेले असते आणि ते संगणक यादी मेल्यावरही अनेक वर्षे तिचे दार ठोठावीत राहतात. म्हणून त्याने शेवटचा उपाय केला: जगातील प्रत्येक पत्ता काळ्या यादीत असल्याचे उत्तर देण्यास सुरुवात केली. ज्यांनी डोळे मिटून या यादीवर विश्वास टाकला होता त्यांची सारी टपाल एका रात्रीत परत जाऊ लागली. पुढच्याच महिन्यात अशाच हल्ल्यांना कंटाळून आणखी एका स्वयंसेवकाने आपली यादी मिटविली. ‘एएचबीएल’ या यादीने तर १ जानेवारी २०१५ पासून हाच मार्ग पत्करला. पूर्वसूचना देऊनही विचारणा थांबत नव्हत्या, हे त्यामागचे कारण.

हा संताप समजण्यासारखा आहे. त्याचे समर्थन मात्र करता येत नाही. दार ठोठावणारा दोषी असेल, पण शिक्षा झाली ती पत्र पाठविणाऱ्या तिसऱ्याच माणसाला. सॉर्ब्सने जाताना यादी रिकामी केली. म्हणजे विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘यादीत नाही’ असे उत्तर मिळू लागले. त्यात थोडे स्पॅम जास्त आत शिरले असेल, परंतु कोणाचे प्रवेशपत्र किंवा नेमणुकीचे पत्र त्यापायी हरवले नाही. बंद पडताना सेवेने कोणत्या बाजूला झुकावे, हा प्रश्न ती सुरू करतानाच सोडविलेला असावा लागतो.

हेतू नसतानाही हेच संकट ओढवू शकते. ‘स्पॅमकॉप’ ही यादी एका बलाढ्य अमेरिकी कंपनीच्या मालकीची आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी तिच्या नावाची नोंदणी नूतनीकरणाअभावी संपुष्टात आली. नाव बेवारस होताच ते जाहिरातीच्या एका पाटीकडे वळविले गेले आणि ही पाटी कोणत्याही प्रश्नाला काहीतरी उत्तर देणारी असल्यामुळे साऱ्या जगाचे पत्ते एकाएकी दोषी ठरले. वर्षाला अगदी किरकोळ रकमेची ही नोंदणी! कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपनीकडून हे घडले, तेव्हा विश्वासार्हता पगाराने विकत मिळते असे मानणाऱ्यांनी थोडे थांबावे. अलीकडे आणखी एक प्रकार दिसतो. मोठ्या सार्वजनिक निर्देशिकांमार्फत येणाऱ्या विचारणा नेमक्या कोणाच्या हे कळत नाही, म्हणून स्पॅमहाऊस त्यांना १२७.२५५.२५५.२५४ असे निराळे उत्तर देते. त्याचा अर्थ ‘तुमची विचारण्याची पद्धत चुकली’ एवढाच. परंतु ज्यांनी उत्तराचा आकडा न तपासता ‘उत्तर आले म्हणजे दोषी’ अशी व्यवस्था करून ठेवली आहे, त्यांची चांगली पत्रेही परत जातात. दोष तेथे यादीचा नसतो, वाचणाऱ्याचा असतो.

हल्ले आणि खटले हे या कामाचे नित्याचे भोग आहेत. २०१३ च्या मार्चमध्ये स्पॅमहाऊसवर सेकंदाला ३०० गिगाबिट इतक्या वेगाचा लोंढा सोडण्यात आल्याचे नोंदविले गेले. त्या काळापर्यंतचा तो सर्वांत मोठा मानला गेला. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतील एका घाऊक पत्रप्रेषक कंपनीने तिच्यावर दावा लावला. अमेरिकी न्यायालयाला अधिकारच नाही अशी भूमिका घेऊन संस्था खटल्यातून बाहेर पडली आणि एकतर्फी निकालात तिला १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई ठोठावली गेली. ही रक्कम २०१० मध्ये २७,००२ डॉलरवर आणि २०११ मध्ये वरिष्ठ न्यायालयात अवघ्या ३ डॉलरवर आली. पाच वर्षांची लढाई आणि हिशेब तीन डॉलरचा! एकाकी स्वयंसेवकाच्या अंगी हे बळ कोठून येणार?

अर्थात पहारेकरीही संत नसतात. २००१ ते २००६ या काळात ‘स्प्यूज’ नावाची एक निनावी यादी चालू होती. एखादा भामटा आढळला की ती त्याच्या शेजारच्या पत्त्यांनाही हळूहळू यादीत ओढीत असे. म्हणजे सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर तिच्याच निरपराध ग्राहकांचे दडपण यावे. सुक्याबरोबर ओलेही जळते, हे येथे धोरण म्हणून स्वीकारले होते. दाद मागावी तर पत्ता नाही, माणूस नाही. काही याद्या नाव लवकर काढण्यासाठी पैसे घेतात; हा तर उघड खंडणीकडे झुकणारा व्यवहार म्हटला पाहिजे. सामाईक साधनांच्या व्यवस्थापनाबद्दल २००९ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जी सूत्रे मांडली, त्यांत शिक्षा पायरीपायरीने वाढणारी असावी आणि तंटा मिटविण्याची सोय जवळची व स्वस्त असावी, ही दोन सूत्रे आहेत. ज्या याद्या टिकल्या त्यांनी नोंद कशावरून झाली हे सांगण्याची आणि दोष दूर होताच नाव आपोआप गळण्याची सोय ठेवली, ही गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

आपल्याकडील अनुभव

या साऱ्याचा बुलढाण्याशी काय संबंध, असे विचारले जाईल. संबंध दुहेरी आहे. २०१२ च्या पहिल्या तिमाहीत स्पॅम वाहून नेणाऱ्या देशांच्या एका खासगी पाहणीत भारत पहिल्या क्रमांकावर आला होता. हे स्पॅम भारतीयांनी लिहिले होते असे नव्हे. विषाणू लागलेले आपल्या घरांतले आणि कचेऱ्यांतले संगणक परकी भामट्यांची हमाली करीत होते. अशा संगणकाचा पत्ता यादीत गेला की त्याच जोडणीवरून जाणारे शाळेचे पत्रही अडते. दुसरे असे की, ई-मेलवरील स्पॅमला थेट हात घालणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ कलमाचा एक भाग त्याच्या जवळपास जात होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरविले, आणि ते योग्यच झाले. परंतु रिकामी जागा रिकामीच राहिली.

दूरध्वनी व लघुसंदेश यांच्याबाबत मात्र आपण शासकीय मार्ग चोखाळला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००७ मध्ये नको असलेल्या दूरध्वनींसाठी नोंदवही उघडली, तिला १९०९ या क्रमांकाची जोड दिली आणि २०१८ च्या नियमांनी प्रत्येक व्यापारी संदेशाचा मसुदा आगाऊ नोंदविण्याची सक्ती केली. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी प्रत्यक्ष लावली गेली. त्या दिवशी बँकांचे, आधारचे आणि लसीकरणाच्या कोविन नोंदणीचे सांकेतिक क्रमांक देशभर अडकले, कारण अनेक संस्थांचे मसुदे नोंदणीशी जुळत नव्हते. लस घेण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या वृद्धाला काळ्या यादीचे तत्त्वज्ञान सांगून काय उपयोग? दुसऱ्याच दिवशी ट्रायने ही चाळणी सात दिवसांसाठी स्थगित केली. कायद्याचे पाठबळ, कंपन्यांचा पैसा, पगारी अभियंते, सारे काही हाताशी होते. नव्हती ती एक साधी गोष्ट: आधी काही काळ नुसती नोंद घ्यावी, अडवू नये, चुका दाखवून द्याव्यात आणि मग दार लावावे. स्वयंसेवकांच्या जगात ही रीत बहुतेक अनुभवी चालक पाळतात.

शासकीय यंत्रणेच्या मुळाशीही बिनपगारी श्रमच आहेत, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. तक्रार नोंदविणारा नागरिक हा या यंत्रणेचा स्वयंसेवक आहे. ऑगस्ट २०२४ मधील आदेशानंतर थोड्याच काळात ५० हून अधिक संस्था काळ्या यादीत गेल्या आणि पावणेतीन लाखांहून अधिक जोडण्या तोडल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली. नोंदणीविना जाहिरात करणाऱ्यावर कारवाईसाठी सात दिवसांत दहा तक्रारींऐवजी दहा दिवसांत पाच तक्रारी पुरेशा ठरविल्या. कंपन्यांना कारवाईसाठी मिळणारे तीस दिवस पाचांवर आणले. हे बदल स्वागतार्ह आहेत. पण पाच तक्रारी करणारी पाच माणसे तरी लागतातच. नांदुऱ्याच्या एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकाला ‘डिजिटल अटक’ झाल्याची बतावणी करणारा दूरध्वनी आला आणि त्याने तो नुसता तोडला, तर तो स्वतः वाचतो. त्यानंतरचा माणूस वाचत नाही. मान्सर ओल्सन यांनी १९६५ मध्ये सांगितले ते हेच: लाभ सर्वांचा आणि कष्ट एकाचा असले की मोठ्या समूहात कष्ट करणारा सापडेनासा होतो.

ओल्सन यांच्या या निष्कर्षाला याच जिल्ह्यात एक ठळक अपवाद उभा आहे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात हजारो सेवाधारी विनावेतन राबतात आणि तेथील स्वच्छतेची व शिस्तीची ख्याती महाराष्ट्रभर आहे. त्याचे श्रेय केवळ श्रद्धेला देऊन मोकळे होणे सोपे आहे. श्रद्धा अनेक ठिकाणी असते. अशी व्यवस्था सर्वत्र नसते. दिवंगत विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांच्या काळात घडलेली ही घडी बारकाईने पाहिली तर तिचे मर्म पाळीत आहे. सेवाधारी येतो तो ठरलेल्या दिवसांपुरता, ठरलेल्या लहान कामासाठी, आणि त्याची पाळी संपली की दुसरी तुकडी उभी असते. कोणा एकाच्या थकण्यावर, आजारपणावर किंवा रागावर महाप्रसाद अडत नाही. ओसिरुसॉफ्टच्या चालकाजवळ निष्ठा कमी नव्हती. त्याच्यामागे उभी राहणारी दुसरी पाळी नव्हती. या दोन संस्थांची तुलना काहींना विचित्र वाटेल, परंतु संघटनेचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

मग मार्ग कोणता? काळ्या याद्या सरकारने ताब्यात घ्याव्यात, ही सूचना अधूनमधून होते; ती धोक्याची आहे. कोणाचे पत्र पोहोचावे आणि कोणाचे नाही याची एकच यादी सत्तेच्या हाती देणे म्हणजे स्पॅमपेक्षा मोठे संकट ओढवून घेणे होय. याद्या अनेक असाव्यात, त्यांचे निकष जाहीर असावेत आणि एकीच्या शब्दावर पत्र न नाकारता दोन-तीन याद्यांचे मत एकत्र तोलावे, हेच शहाणपणाचे आहे. सरकारने आणि विद्यापीठांनी करावयाचे काम निराळे व स्वस्त आहे. क्वीन्सलंडने जे केले ते अमरावती, नागपूर किंवा पुण्याच्या विद्यापीठालाही करता येईल: यादीची एक प्रत आपल्या संगणकावर ठेवावी, विदर्भातल्या महाविद्यालयांच्या विचारणा तेथेच भागवाव्यात आणि ती राखण्याचे काम संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पाळ्यांकडे सोपवावे. खर्च एका मध्यम प्रतीच्या संगणकाचा आणि विजेचा. विद्यार्थ्यांना यातून जे शिक्षण मिळेल ते प्रयोगवहीत मिळणारे नाही. मोठ्या बँका आणि दूरसंचार कंपन्या या याद्यांचा लाभ घेत असतील, तर त्यांनी वर्गणी दिली पाहिजे, मलकापूर-बुलढाणा एस.टी.त सूटबूट घालून विनातिकीट बसणाऱ्याची कीव कोणी करीत नाही.

तोपर्यंत एक लहान काम कोणत्याही संस्थेला करता येईल. अनेक संस्थांचे टपाल पाहणारा संगणक कोणीतरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी मांडून दिलेला असतो. मांडणारा विद्यार्थी केव्हाच पुण्याला किंवा परदेशी गेलेला असतो. त्या संगणकाच्या मांडणीत सॉर्ब्सचे नाव अद्याप असेल, तर तो आजही दर पत्रागणिक एका रिकाम्या यादीचे दार ठोठावीत असेल, आणि उद्या हे नाव स्पॅमकॉपप्रमाणे बेवारस झाले तर कार्यालयाची सारी टपाल परत जाऊ लागेल. ते नाव काढून टाकण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. ते कोणी करावयाचे, हे मात्र कोणत्याच कार्यालयाच्या कामवाटपात लिहिलेले नसते.